निळी बाटली अपडेट: ग्लुकोजवरून केळ्यावर

मंडळी, निळ्या बाटलीचं पुढचं काम सांगतो, म्हणजे हलवली की निळी आणि ठेवली की बिनरंगी होणारी बाटली, ज्यात हवेतल्या ऑक्सिजनने, कुठलाही धातू न घालता, साखरेचं ऑक्सिडेशन होतं. आधी सगळं ग्लुकोजवर चाललं होतं, आता केळ्याच्या रसावर आलोय, केळ्यांच्या रावेरात (जळगाव जिल्हा) राहून दुसरं काय घेणार.

नवीन लोकांसाठी प्रमाण: 300 मिली पाणी, 6 ग्रॅम कॉस्टिक सोडा, तो गार झाला की 10 ग्रॅम ग्लुकोज, आणि मिथिलीन ब्लू या निळ्या डायचे (रंगाचे) थोडेच थेंब (माशांच्या टाकीच्या दुकानात मिळतं). चष्मा, हातमोजे कंपल्सरी, कॉस्टिक डोळ्यात गेला तर खेळ नाही. बूच लावून हलवलं की निळं, ठेवून दिलं की पाण्यासारखं. कॉस्टिकसारख्या अल्कलीत ग्लुकोज एनडायोल रूपात (इलेक्ट्रॉन सहज देणाऱ्या रूपात) येतं आणि डायला दोन इलेक्ट्रॉन देतं, डाय बिनरंगी होतो, मग हवेतला ऑक्सिजन ते इलेक्ट्रॉन उचलतो, स्वतः हायड्रोजन पेरॉक्साइड होतो आणि डाय परत निळा. ट्रकवर घड चढवणाऱ्या हमालासारखं, इकडून उचल तिकडे ठेव, परत रिकाम्या हाताने ये. डाय संपत नाही, प्लॅटिनम नाही, तांबं नाही. व्हिटॅमिन सीवाली बाटली बरेच जण करतात, पण त्यात मोरचूद, म्हणजे तांब्याचाच क्षार, लागतो म्हणून मी ती या कामात धरत नाही.

बाटली शांत ठेवली की अगदी वरच्या कडेला निळी बारीक रेघ राहते ती नक्की बघा, तिथेच हवा लागते. आणि एक बाटली काठोकाठ भरून बूच लावा, रंग गेल्यावर कितीही हलवा निळं येत नाही, अर्धी ओतून टाका आणि मग हलवा, लगेच येतं. ऑक्सिजनचा यापेक्षा चांगला पुरावा घरात मिळणार नाही.

आपल्याकडच्या उन्हाचा पण फरक पडतो. दुपारी निळा रंग सकाळपेक्षा पटकन जातो, एक तर रिॲक्शन जोरात चालते, त्यात पाण्यात ऑक्सिजनच कमी मावतो, 25 अंशाला लिटरमागे 8 मिलिग्रॅमच्या आसपास आणि 40 ला साडेसहाच्या आत. त्यामुळे तुलना करायची तर दोन्ही बाटल्या एकाच वेळी, एकाच पाण्यात बुडवून ठेवा.

आता केळं. काळे ठिपके पडलेल्या पिकलेल्या केळ्याचा गाळलेला रस ग्लुकोजऐवजी टाकला तर रंग छान जातो आणि हलवल्यावर परत येतो. कच्च्याचा रस मात्र बराच वेळ निळाच, कारण त्यात साखर अजून स्टार्चमध्ये अडकलेली असते. साधी साखर टाकली तरी तसंच, सुक्रोजची दोन्ही टोकं एकमेकांत बांधलेली असतात. पण केळ्यात पॉलिफेनॉल नावाचे पदार्थ असतात, ते अल्कलीत तपकिरी होतात, म्हणून रस टाकल्याबरोबर बघायचं, नंतरचा रंग धरायचा नाही.

बरेच जण लिहितात की बाटलीत ग्लुकोजचं ग्लुकोनिक ॲसिड तयार होतं. 2012 साली छापून आलेल्या तपासणीत मात्र अरॅबिनोनिक आणि फॉर्मिक ॲसिड निघालं, म्हणजे सहा कार्बनची साखळी तुटून पाच आणि एक. मला ही या प्रयोगातली सगळ्यात भारी गोष्ट वाटते.

अल्कोहोलचं विचाराल तर साधं स्पिरिट या बाटलीत काहीच करत नाही, त्याला टेम्पो (TEMPO, गाडी नाही, त्या नावाचं रसायन) लागतो, 2004 मध्ये टेम्पो, ब्रोमिन आणि सोडियम नायट्राइट घेऊन धातूशिवाय अल्कोहोलचं ऑक्सिडेशन करून दाखवलेलं आहे. ब्रोमिन घरात आणायचं नाही, त्यामुळे ते फक्त वाचायचं. पुढचा नंबर इंडिगो कार्मिन या दुसऱ्या डायचा, हिरवा, लाल, पिवळा, तोही केळ्याच्या रसावर. कोणी आधी केलं असेल तर प्रमाण टाका.