बांध ओलांडला की वाईन बदलते

फ्रान्सच्या बर्गंडी प्रांतात दिजाँहून दक्षिणेला बोनकडे निघालं की उजव्या हाताला एक लांबलचक टेकडी सोबत करते. इथल्या नामांकित लाल वाईन्स येतात त्या तिच्या पूर्वेकडच्या उतारावरून. द्राक्ष एकच, पिनो न्वार. 1395 साली बर्गंडीच्या ड्यूक फिलिपने इथून गामे जातीच्या वेली उपटायचा हुकूम काढला होता.

बारा कोसांवर भाषा बदलते म्हणतात, इथे बांध ओलांडला की वाईन बदलते. हे वाचून माहीत होतं, पण पटलं ते उतारावरून पायी चालल्यावर. अगदी माथ्यावर माती जेमतेम, चुनखडी उघडी पडलेली. पायथ्याशी जड, पाणी धरून ठेवणारी माती. मधल्या पट्ट्यात मुळांना निचराही मिळतो आणि सकाळचं ऊनही. ग्राँ क्रू हा सर्वोच्च दर्जा बहुतेक तिथल्याच मळ्यांना. अशा प्रत्येक तुकड्याला इथे ‘क्लिमा’ म्हणतात. 2015 साली युनेस्कोने या क्लिमांना जागतिक वारसा ठरवलं.

व्होन-रोमाने गावात ठेंगण्या दगडी भिंतीआड, क्रूसाशेजारी रोमाने-काँतीचा मळा आहे. जेमतेम साडेचार एकर! बाटलीची किंमत लाखांत, त्यामुळे आम्ही मळाच डोळे भरून पाहिला.

चव घेतली ती जेव्हरे-शांबर्तँमधल्या एका छोट्या तळघरात. 228 लिटरच्या ओक पिंपांच्या रांगा, भिंतींना ओल, अंगावर स्वेटर असूनही हुडहुडी. मालकीणबाईंनी दोन ग्लास शेजारी शेजारी ठेवले. वर्ष तेच, हात तेच, गावं फक्त वेगळी. जेव्हरेची वाईन गडद, काळ्या चेरीच्या वासाची, मागे ओल्या मातीचा गंध आणि हिरड्यांना जाणवणारा तुरटपणा. शांबोल-म्युझिन्यीची मात्र फिकट माणकासारखी. आधी रासबेरी, मग गुलाबाच्या पाकळ्या, आणि घोट गिळल्यावरही ती चव बराच वेळ रेंगाळली. बाई काहीच बोलल्या नाहीत, फक्त आमच्या चेहऱ्यांकडे पाहत होत्या. मी शांबोलच्या बाजूची झाले ती कायमची.

क्लो द व्हुजोची गोष्ट वेगळी. बाराव्या शतकात सिस्टर्शियन भिक्षूंनी हा मळा लावायला सुरुवात केली. राज्यक्रांतीत चर्चच्या जमिनी जप्त होऊन विकल्या गेल्या, पुढे वारसांत समान वाटण्या होत गेल्या. आज भिंतीआतल्या पन्नास हेक्टरांचे सुमारे ऐंशी मालक आहेत. सगळ्यांच्या लेबलवर नाव तेच, पण उतारावरची जागा निराळी आणि हातही निराळा. म्हणून बर्गंडीत मळ्याच्या आधी वाईन करणाऱ्याचं नाव वाचावं.

बोनला ऑतेल-द्यो चुकवू नका. 1443 साली ड्यूकचा चॅन्सलर निकोला रोलँ याने गोरगरिबांसाठी हे रुग्णालय उभारलं. लोकांनी दान दिलेल्या मळ्यांच्या वाईनचा 1859 पासून लिलाव होतो, आता नोव्हेंबरच्या तिसऱ्या रविवारी. कित्येक पिढ्यांच्या औषधपाण्याला द्राक्षांनी हातभार लावला, हे मला तिथल्या छपरावरच्या रंगीबेरंगी कौलांहून सुंदर वाटलं.

जाणार असाल तर ग्राँ क्रूच्या मागे खिसा रिकामा करू नका. एकाच घरच्या, एकाच वर्षाच्या, शेजारच्या दोन गावांच्या साध्या बाटल्या घ्या. फार गार करू नका, पंधरा-सोळा अंशांवर असू द्या. सोबत चीज घातलेले गरम गुजेर, म्हणजे छोटे फुगीर पाव, घ्या, आणि दोन्ही बाटल्या एकाच वेळी उघडा.