कागदवाल्याचं ग्रीक घर : ग्लासगोचं होमवुड

ग्लासगो सेंट्रलहून लोकल पकडून कॅथकार्टला उतरलो आणि होमवुडपर्यंत पायीच गेलो. आपली मंडळी स्कॉटलंडला गेली की किल्ले आणि सरोवरं पाहून येतात. मला व्हिक्टोरियन काळातल्या एखाद्या सधन स्कॉटिश उद्योजकाचं राहतं घर पाहायचं होतं.

जेम्स कूपर हा कागद कारखानदार. खाली व्हाइट कार्ट नदीच्या काठी त्याची आणि भाऊ रॉबर्टची मिलहोम ही कागद गिरणी होती. १८५७-५८ मध्ये त्याने वरच्या उंचवट्यावर हे घर बांधून घेतलं. वास्तुकार अलेक्झांडर थॉमसन. ग्रीक शैलीचं त्याला इतकं वेड, की लोक त्याला ‘ग्रीक’ थॉमसन म्हणत. हा माणूस उभ्या आयुष्यात ग्रीसला गेला नाही!

घर प्रचंड नाही. पण दिवाणखान्याचा गोलाकार दर्शनी भाग बघून पाय थबकतात. एखाद्या छोट्या गोल देवळासारखे दगडी खांब ओळीने उभे आहेत आणि काचेच्या खिडक्या त्यांना न टेकता, त्यांच्या मागे स्वतंत्र बसवल्या आहेत. खांब आणि काच यांच्यामधल्या त्या फटीत मी कितीतरी वेळ डोकावत होतो. ग्लासगोच्या ढगाळ हवेत मिळेल तेवढा उजेड आत घ्यायची ही युक्ती मला फार आवडली.

खरी श्रीमंती दिसते ती जेवणघरात. भिंतींच्या वरच्या अंगाला होमरच्या इलियड या ग्रीक महाकाव्यातल्या प्रसंगांची पट्टी फिरते. इंग्लिश शिल्पकार जॉन फ्लॅक्समनच्या रेखाचित्रांवरून ती मोठी करून रंगवलेली आहे. एका टोकाला पांढऱ्या संगमरवराचा, भांडी मांडायचा साइडबोर्ड, मागे आरसा, आणि नेमका त्याच्यावर छतातून उजेड पडतो. यजमानाची चांदीची भांडी पाहुण्यांच्या डोळ्यांत भरावीत याची चोख व्यवस्था! जिन्यावरच्या घुमटाकडेही मान वर करून बघाच. तिथे ग्रीक पुराणकथांमधले चित्रविचित्र प्राणी कोरले आहेत.

पुढे १९५८ मध्ये घर ख्रिस्ती जोगिणींच्या (नन्सच्या) एका संघाकडे गेलं आणि भिंतींवर साध्या रंगाचे थर चढले. १९९४ मध्ये जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट फॉर स्कॉटलंड या संस्थेने ते घेतलं, आणि मग ते थर खरवडून खालची मूळ नक्षी बाहेर काढण्याचं काम सुरू झालं. काही भिंतींवर उघडलेला तुकडा आणि झाकलेला भाग शेजारी शेजारी दिसतात. सगळं नव्याने रंगवून चकचकीत न करता तसंच ठेवलं, हे उत्तम केलं.

फर्निचर फारसं नाही, त्यामुळे काहींना घर रिकामं वाटेल. मला उलट बरं वाटलं. नजर थेट भिंतींवर आणि छतांवर जाते. घर वर्षभर उघडं नसतं, तेव्हा वेळा बघूनच निघा आणि जेवणघरासाठी भरपूर वेळ राखून ठेवा.