बुडालेला कमोडोर ६४

शनिवार

मित्राच्या तळघरात पाणी शिरलं आणि त्यात त्याचा कमोडोर ६४ बुडाला. १९८२ साली बाजारात आलेलं हे घरगुती कॉम्प्युटरचं मॉडेल. आज ते माझ्या टेबलावर आलं. झाकण उघडलं तर तळाशी गाळाचा पातळ थर, कीबोर्डच्या स्प्रिंगांवर गंज, व्हिडिओ चिपभोवतीच्या पत्र्याच्या डबीवर तांबूस ओघळ. "एकदा लावून तर बघ," मित्र म्हणाला. मी ठाम नाही म्हटलं.

बंद असलेलं यंत्र नुसत्या पाण्याने सहसा लगेच मरत नाही. पाण्यात क्षार विरघळलेले असतात, आणि त्यातच वीज सोडली की इलेक्ट्रॉलिसिस सुरू होऊन बोर्डावरचं तांबं झपाट्याने खाल्लं जातं. त्यामुळे ओलं असताना चालू न करणं हाच पहिला उपचार.

सगळ्या बाजूंनी फोटो काढले. सॉकेटमधल्या चिप एकेक करून उपसल्या आणि अँटिस्टॅटिक फोमवर ओळीने लावल्या. सिडची चिप, ६५८१, म्हणजे आवाज तयार करणारी चिप, हातात घेतली तेव्हा जीव थोडा थोडा होत होता. ही आता कोणी बनवत नाही, आणि तिच्या आतला फिल्टर अ‍ॅनालॉग असल्यामुळे दोन ६५८१ हुबेहूब सारख्या वाजत नाहीत. ही गेली तर या यंत्राचा आवाज गेला.

रविवार

धुलाई. आधी डिस्टिल्ड वॉटर आणि मऊ ब्रश, गाळ निघेपर्यंत. मग ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, म्हणजे कानाकोपऱ्यात उरलेलं पाणी त्याच्यासोबत निघून जातं. टीव्हीसाठी सिग्नल बनवणाऱ्या मॉड्युलेटरच्या डबीत आणि सॉकेटच्या पोटात पाणी दडून बसतं, तिथे पुन्हा पुन्हा ओतलं. हेअर ड्रायर लावला नाही. घाई कशाला? पंख्याच्या वाऱ्यात राहू दे निवांत.

गुरुवार

बोर्ड कोरडा ठणठणीत झालाय. पण कर्नल रॉमच्या, म्हणजे यंत्राचा मूळ प्रोग्राम कायमचा साठवलेल्या चिपच्या सॉकेटपाशी कळंक चढलेला दिसतो, हिरवा, भुसभुशीत.

मूळ पॉवर सप्लायला हात लावणार नाही. तो भिजलेला तर आहेच, पण कोरडा असता तरी वापरला नसता. त्याच्या आतला रेग्युलेटर बिघडला की ५ व्होल्टच्या जागी जास्त व्होल्टेज येतं आणि मेमरीच्या चिप जळतात. नवा सप्लाय जोडला: ५ व्होल्ट डीसी आणि ९ व्होल्ट एसी. उपसलेल्या चिप अजून बाहेरच. सॉकेटवर मोजलं. ५ बरोबर, आणि ९ व्होल्ट एसीपासून बोर्डावर तयार होणारे १२ सुद्धा बरोबर. मग चिप बसवल्या आणि चालू केलं.

पडदा काळा. काहीच नाही.

मित्राचं म्हणणं, दुसरा बोर्ड मिळतो, तो घालून टाक. मला ते पटत नाही. या बोर्डाला तांब्याच्या रेघांचे दोनच थर आहेत, दोन्ही डोळ्यांना दिसतात. कमोडोरने आपल्या मार्गदर्शक पुस्तकातच पूर्ण सर्किटचा नकाशा छापला होता. कुठली रेघ कुठून कुठे जाते हे एका माणसाला एका बैठकीत उलगडता येतं, अशी यंत्रं आता फारशी उरलेली नाहीत. ज्याची प्रत्येक रेघ मागोवा घेत शोधता येते, ते टाकून द्यायचं कसं?

शुक्रवार, उशिरा

क्लॉक, म्हणजे सगळ्या चिपना ताल देणारा सिग्नल, आहे. प्रोसेसरला सुरुवातीपासून चालू करणारा रीसेट सिग्नल आधी खाली राहून मग वर जातो, म्हणजे तोही ठीक. आता पुढचा विचार. ६५१०, म्हणजे प्रोसेसर, जागा झाला की सगळ्यात आधी एफएफएफसी आणि एफएफएफडी या मेमरीतल्या पत्त्यांवर बघतो, सुरुवात कुठून करायची ते तिथे लिहिलेलं असतं. हे दोन्ही पत्ते कर्नल रॉममध्ये. ती नीट वाचता आली नाही तर पडदा काळाच राहणार.

मल्टिमीटर बीपवर ठेवला आणि प्रोसेसरपासून कर्नलपर्यंत पत्त्याच्या रेघा एकेक तपासत गेलो. बीप, बीप, बीप, आणि एका रेघेला शांतता. वरून बघितलं तर ती अखंड दिसत होती. सॉकेट काढलं. खालच्या एका भोकातला तांब्याचा मुलामा पार खाल्लेला होता, त्यामुळे वरच्या थराचा खालच्या थराशी संबंधच तुटला होता. फायबरग्लासच्या पेनने कळंक खरवडला, रेघेचं चकचकीत तांबं उघडं केलं, भोकातून बारीक तार ओवली आणि दोन्ही बाजूंनी डाग दिला. नवं सॉकेट बसवलं.

निळा पडदा! ३८९११ बेसिक बाइट्स फ्री, म्हणजे बेसिक भाषेतल्या प्रोग्रामसाठी मोकळी मेमरी. खाली रेडी, आणि लुकलुकणारा कर्सर. सुरू होताना कर्नल मेमरी बाइटमागून बाइट लिहून-वाचून तपासते आणि पहिला अडथळा येईल तिथे मोजणी थांबवते. आकडा पूर्ण आला, म्हणजे बेसिक रॉमपर्यंतची मेमरी शाबूत. मी खुर्चीतून उठून उभाच राहिलो. मित्राला फोन लावला तर त्याच्या तोंडून शब्द फुटेना.

काही कळा उमटत नाहीत. कीबोर्ड आठ बाय आठच्या जाळीत वाचला जातो, त्यामुळे एक रेघ गेली की आठ कळा एकदम मुक्या होतात. इथे तसंच दिसतंय. उद्या आधी जोडणीची पिन बघायची. ती ठीक निघाली तर शिफ्ट लॉकच्या तारांचे डाग सोडवून कीबोर्ड पूर्ण उघडायचा. सिड त्यानंतर.