चार नाही, पाच

जुलैतला सोमवार होता. पहाटेपासून पाऊस कोसळत होता. कुर्ला-सायनच्या मधे रुळांवर पाणी भरलं आणि सात वाजताच मेसेज आला: आज कुणी ऑफिसला येऊ नका, अकराची मीटिंग व्हिडिओवर घेऊ.

मी भारतीय सांकेतिक भाषेची दुभाषी आहे. आई-बाबा दोघंही कर्णबधिर, त्यामुळे बोलायला लागायच्या आधीच माझे हात बोलायला लागले. रीतसर डिप्लोमा मग वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेतून केला. अंधेरीच्या एका शिपिंग कंपनीत कंटेनरची कागदपत्रं बघणारी एक मुलगी आहे, जन्मतः कर्णबधिर. महिन्यातल्या दोन मोठ्या मीटिंगांना मी तिच्यासोबत बसते. बाकीच्या मीटिंगांत तिच्या वाट्याला एकच वाक्य येतं, "नंतर सांगते हं." हे वाक्य तिने इतक्या ओठांवर वाचलंय की समोरच्याचं तोंड उघडतानाच तिला कळतं.

व्हिडिओवर माझा राग नाही, उलट फार जीव आहे. बाबा गिरगावात एका छापखान्यात कंपोझिटर होते. ते आजारी पडले की शेजारच्या काकूंकडून फोन करून मालकांना कळवायचं काम माझं, तेव्हा मी सात वर्षांची होते. २०१६ साली व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ कॉल आला आणि बाबांनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या हाताने फोन लावला, नागपूरच्या काकांना. काकाही कर्णबधिरच. दोघं दीड तास बोलले. घरात आवाज नव्हता, फक्त मधूनमधून बाबांचं हसू.

पण ऑफिसच्या मीटिंगचं सॉफ्टवेअर कानाने चालतं. ज्याचा आवाज येईल त्याची चौकट मोठी होते. हातांना आवाज नसतो. त्या दिवशी बावीस चौकटी होत्या आणि ती होती दुसऱ्या पानावर. मी तिला माझ्या स्क्रीनवर पिन करून ठेवलं होतं म्हणून मला दिसत होती. या कामात दर वीस-तीस मिनिटांनी दुभाषी बदलावा लागतो, नाहीतर डोकं आणि मनगटं दोन्ही थकतात. माझी जोडीदार डोंबिवलीत वीज गेल्यामुळे जोडलीच गेली नाही. पन्नास मिनिटं मी एकटीच होते.

शेवटी सर म्हणाले, "न्हावा शेवा बंदरात अडकलेले कंटेनर तीन. यादी फायनल करू? कुणाला काही म्हणायचंय?"

ती दोन्ही हात हलवत होती. मी म्हणाले, "थांबा!" आणि बावीस स्क्रीनवर माझा चेहरा मोठा झाला.

"मॅडम, तुम्हाला काही सांगायचंय?"

"मला नाही, सर. तिला. तिला स्पॉटलाइट करा."

ते बटण सापडायला दोन मिनिटं गेली. मग ती सगळ्यांसमोर आली. कॉन्फरन्स रूममध्ये लोक तिचं बोलणं माझ्या तोंडाकडे बघून ऐकतात. इथे पहिल्यांदाच सगळ्यांची नजर तिच्या हातांवर होती. मी बोलू लागले. आमच्या कामात समोरच्याच्या वतीने 'मी' म्हणूनच बोलायचं असतं. "मी काल रात्री पोर्टच्या नोंदी तपासल्या. कंटेनर तीन नाहीत. चार आहेत."

तिचे हात थांबले. नजर स्क्रीनच्या तळाशी गेली. तिथे माझं इंग्रजी बोलणं आपोआप अक्षरांत उमटत होतं आणि त्यात 'फोर' आलं होतं. तिने जोरात मान हलवली आणि पुन्हा पंजा दाखवला.

घोळ कुठे झाला ते मला तेव्हा कळलं. तिने मागचं दृश्य धूसर करून ठेवलं होतं. त्या धूसरपणाने तिचा अंगठा गिळला होता. पाचातला अंगठा गेला की चार उरतात.

बारा वर्षं मी हे काम करतेय. एवढ्या वर्षांत मी कुणाच्या नावाने नेमकं काय बोलले, हे तपासायची सोय त्या माणसाकडे कधीच नव्हती. माझ्यावर विश्वास ठेवण्याशिवाय त्यांना इलाज नव्हता. बाबांनाही नव्हता, मी सात वर्षांची असताना. त्या दिवशी एका मुलीने माझं वाक्य वाचलं आणि चूक पकडली. माझ्या अंगावर काटा आला. मी मोठ्याने सांगितलं, "चूक माझी झाली, तिची नाही. ती पुन्हा सांगतेय."

तिने क्षणभर विचार केला आणि धूसरपणा काढून टाकला. मागे कळव्याची एकच खोली होती. दोरीवर ओले कपडे, ओट्यावर कुकर, दाराशी बादली. हेच कुणाला दिसू नये म्हणून तिने सकाळी ते दृश्य झाकलं होतं. तिने पंजा कॅमेऱ्याजवळ आणला, पाचही बोटं फाकवून.

"पाच," मी म्हणाले.

"फ्री डेज कधी संपतात?" सरांनी विचारलं. फ्री डेज म्हणजे कंटेनर बंदरात फुकट ठेवता येतात ते दिवस. या वेळी त्यांनी विचारलं ते तिच्याकडे बघून. मी हातांनी ते तिच्यापर्यंत पोचवलं.

"दोन कंटेनरचे उद्याच. परवापासून दंड लागेल."

खाली अक्षरं उमटली. तिने ती शेवटपर्यंत वाचली, मान हलवली आणि पहिल्या कंटेनरचा नंबर एकेक आकडा करत सांगायला लागली.