सिव्हिल किती विड्या लांब आहे?

गेल्या हिवाळ्यात तृतीय वर्षाच्या मुलींना घेऊन सोलापुरातल्या विडी घरकुलात, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीत, सर्वेक्षणाला गेले होते. प्रश्नावली मीच केलेली, अगदी पुस्तकी. घरात माणसं किती, आजार कोणते, दवाखान्याचं अंतर किलोमीटरमध्ये. तिसऱ्याच घरी एक मावशी उंबऱ्याशी मांडीवर सूप घेऊन बसल्या होत्या. माझ्या विद्यार्थिनीनं विचारलं, "मावशी, सिव्हिल किती लांब पडतं?"

हातातली विडी वळून झाली, दोरा गुंडाळला, तोंड नखानं दाबून बंद केलं. मग वर न बघताच म्हणाल्या, "चारशे विड्या."

पोरगी हसली. मला हसू आलं नाही, कारण आमच्या अम्मानंही असाच हिशेब केलाय. माझ्या दहावीच्या वर्षी तिला चष्मा लागला, तेव्हा "चष्म्यापायी पाचशे गेल्या" असं ती शेजारणीला सांगत होती. पाचशे रुपये नव्हे, विड्या. तासाला शंभराच्या आसपास हात चालतो. रिक्षा, केसपेपर, तपासणी, औषधं, परत रिक्षा, असे चार तास गेले की चारशे बुडाल्या. मजुरी हजारावर, त्यामुळे बुडालेलं लगेच मोजता येतं. नगावर पोट असलं की खाड्याचा पगार कुणी देत नाही.

वीस वर्षं मी आरोग्य भूगोल शिकवतेय, म्हणजे रोग आणि दवाखाने यांचा जागेशी काय संबंध ते. दर वर्षी सुरुवात जॉन स्नोपासून, कॉलरा पंपाच्या पाण्यातून पसरतो हे नकाशावर दाखवणारा इंग्रज डॉक्टर. १८५४, लंडनचा सोहो भाग, ब्रॉड स्ट्रीटचा पंप, कॉलऱ्यानं गेलेल्यांच्या घरांपुढे काळ्या रेघा. फळ्यावर सोहो मला डोळे मिटून काढता येतं. आपला सोलापूरचा पूर्वभाग, जिथं मी वाढले, तो एकदाही काढलेला नव्हता. कमाल आहे की नाही?

खरं तर या विषयाची गंमतच ही आहे की तो जागोजागी वेगळा वाढला. सोव्हिएत अतिपूर्वेच्या तैगा जंगलात गोचिडींमुळे मेंदूज्वर होई, म्हणून तिथले शास्त्रज्ञ पाव्हलोव्स्की यांच्या विचारात जंगल, प्राणी आणि गोचिडी यांची साखळी आली. लर्मंथ या ब्रिटिश भूगोलतज्ज्ञांनी १९५० च्या दशकात आपल्या उपखंडाचे कॉलरा-मलेरियाचे नकाशे काढले, ते इंग्रजी अमदानीतल्या मृत्यूनोंदींवरून. दप्तरात जे होतं तेच नकाशावर आलं. न्यूझीलंडचे भूगोलतज्ज्ञ रॉबिन कर्न्स यांनी १९९३ मध्ये मांडलं की रोग आणि दवाखाने मोजून भागणार नाही, माणसाला ती जागा कशी जगावी लागते हेही बघा. त्यावरून बराच वाद झाला, पण पुढे 'वैद्यकीय भूगोल' मागे पडून 'आरोग्य भूगोल' हे नाव रुळलं.

आपल्याकडे नाव आलं. प्रबंध मात्र अजून तालुकावार प्राथमिक आरोग्य केंद्रं आणि पाच छटांचा नकाशा यातच अडकलेत. मी त्या चारशे विड्यांवर एक निबंध लिहून पाठवला. तो परत आला. शेरा होता, 'विडी हे अंतराचे मान्य एकक नाही.' बरं.

तेव्हा मला बार्शी आठवली. आपल्याच जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ मध्ये तिथं सुरू झाली, बार्शी, परांडा आणि भूम या तीन तालुक्यांसाठी. मोठ्या शहरांत रुग्णालयांच्या आणि प्रयोगशाळांच्या कागदांवरून नोंद करता येते. इथं बाई अंगावरच दुखणं काढायची, कागद होणार कुठून? म्हणून कार्यकर्ते गावोगाव फिरले, लोकांना बसवून लक्षणं सांगितली, शंका आली त्यांना तपासणीला आणलं. पद्धतच गावाकडे बघून बेतली. गर्भाशयमुखाचा कर्करोग या भागात किती आहे हे त्यातून दिसलं. पुढे १९९९ पासून शेजारच्या उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यात सव्वा लाखांहून जास्त बायकांचा अभ्यास झाला. एचपीव्ही म्हणजे हा कर्करोग घडवणारा विषाणू; एकदाच केलेल्या त्याच्या तपासणीनं या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले, हा त्याचा निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाला आणि जगभर वाचला गेला. सोहो शिकवताना बार्शी माझ्या तोंडून एकदाही निघालं नव्हतं, याची आता लाज वाटते.

असो. मुलींनी हट्टानं नकाशा केलाच. घरकुलापासून दवाखान्यांपर्यंत वर्तुळं काढली, शंभर विड्या, दोनशे, चारशे. सूचीत किलोमीटर नाहीच. मी तो घरी नेऊन अम्मापुढे पसरला. तिनं चष्मा लावला, बोट फिरवलं, बराच वेळ बघितलं.

"हे चांगल्या पानाचं झालं," ती म्हणाली. "कारखान्यातून फाटकं पान आलं तर शंभरला दीड तास लागतो. त्या दिवसाचं कुठाय?"