पॅनिंगची वही : तिसरा मेळावा, सात कण आणि एक बांगडा

जानेवारीतला पॅनिंगचा, म्हणजे पसरट पॅनमध्ये पाण्याने वाळू धुऊन त्यातलं सोनं शोधायच्या खेळाचा, मेळावा पार पडला. मनगटं अजून धरलेली आहेत, पण आकडे डोक्यातून जायच्या आत लिहून ठेवतो.

नवीन मंडळींसाठी आधी एक खुलासा, कारण "कोकणात सोनं मिळतं होय?" हा प्रश्न दर वेळी येतोच. आमच्या नद्या उतरतात सह्याद्रीच्या काळ्या कातळावरून आणि जांभ्यावरून. त्या सोनं नाही, काळी वाळू आणतात. रत्नागिरीजवळ काळबादेवीच्या किनाऱ्यावर जे काळे पट्टे दिसतात, ते इल्मेनाइट आणि मॅग्नेटाइट या जड काळ्या खनिजांचे. नदीची वाळू धुऊन सोनं काढणारी माणसं बघायची तर झारखंडात सुवर्णरेखेच्या काठी जायला हवं. आम्ही आपलं सोनं विकत आणतो, वाळूत घालतो आणि परत शोधतो. घरच्यांनी यावर बोलणं सोडून दिलंय. फिनलंडमध्ये टांकावारा नावाच्या गावात याच खेळाच्या जागतिक स्पर्धा झाल्यात, हे सांगूनही फरक पडला नाही.

मेळावा अण्णांच्या वाडीत असतो, विहिरीजवळच्या दोणीपाशी, म्हणजे पाण्याच्या कुंडीपाशी. मेळाव्याच्या मालकीचे ६० कण आहेत, प्रत्येक जेमतेम दीड मिलिमीटरचा. सगळे मिळून अर्धा ग्रॅमही भरत नाहीत. दहा किलो वाळूच्या बादलीत ५ ते १० कण टाकतात, नेमके किती ते फक्त अण्णांना माहीत. वेळ मोजायची आणि हरवलेल्या प्रत्येक कणामागे तीन मिनिटं दंड. वाळू गवंडीकामाची, पावतीसकट घेतलेली. किनाऱ्यावरची मूठभरही आणायची नाही, याबाबत अण्णा फार कडक आहेत. इल्मेनाइट १९५७च्या खनिज कायद्यात अणुखनिजांच्या यादीत आहे, आणि किनारा काही आपल्या बापाचा नाही, हे त्यांचे शब्द.

प्रवेशफी आणि जेवणाच्या ताटांचे जे जमतं, ते गावातल्या तिघांच्या प्रवासाला जातं. आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी तालुक्याला जावं लागतं. उपचाराला योजना आहे, पण पहाटे एसटी नसते आणि परतताना माणसाच्या अंगात उभं राहायचंही त्राण नसतं. रिक्षाच करावी लागते. यंदा २३ जण आले आणि ११,४५० रुपये जमले. पैसे थेट रिक्षावाल्याकडे आगाऊ भरले, म्हणजे कुणाला कुणापुढे हात पसरायला नको.

आता माझी प्रगती.

ऑक्टोबरमध्ये सराव सुरू केला तेव्हा शिशाचे छर्रे हातोडीने चपटे करून वापरले. शिसं पाण्याच्या ११.३ पट जड, सोनं १९.३ पट, म्हणजे शिसं राखता आलं तर सोनं राहतंच. दहा छर्रे टाकायचो, नऊ मिनिटं लागायची, आणि सात परत मिळायचे. नवा प्लॅस्टिकचा पॅन साबण आणि राखेने घासून घेतला होता, कारण कारखान्यातून येताना त्यावर तेलकट थर असतो. तरी तीन जायचेच. चूक काय ते कळत नव्हतं.

ती दाखवली वहिनींनी. अण्णांकडे सराव करत होतो, त्या तांदूळ घेऊन दोणीवर आल्या. थोडा वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "भावजी, तुम्ही हाकलताय त्याला. तांदूळ रोळताना कधी बघितलं नाहीत का?"

बघितलं होतं, लहानपणापासून. लक्ष कधी दिलं नव्हतं. त्यांनी पातेलं पाण्यात धरून आधी नुसतं हलवलं, काही सांडू न देता. मग तिरकं करून एक झोका दिला. वरचे तांदूळ पाण्याबरोबर दुसऱ्या पातेल्यात गेले. लगेच पातेलं सरळ, पुन्हा हलवणं, पुन्हा झोका. शेवटी तळाशी चार खडे. मी मात्र पॅन पहिल्यापासून तिरका धरून वाळू ढकलत होतो. जडाला खाली बसायला सवडच देत नव्हतो, मग ते वाळूबरोबर काठावरून जाणार नाही तर काय! गारगोटीची वाळू २.६५ पट जड, काळी वाळू पाचाच्या आसपास, सोनं १९. एवढा फरक असताना पाण्याला फक्त वेळ द्यायचा असतो.

त्या संध्याकाळी दहापैकी नऊ मिळाले. डिसेंबरअखेर दहापैकी दहा, पाच मिनिटं चाळीस सेकंदात. तळाशी उरलेल्या काळ्या वाळूवर वेळ घालवत नाही आता. सरावात पिशवीत गुंडाळलेला चुंबक फिरवला की मॅग्नेटाइट उचललं जातं. इल्मेनाइट साध्या चुंबकाला जुमानत नाही, ते बोटाने टिचक्या मारून मागे सारायचं. मेळाव्यात चुंबक चालत नाही, त्यामुळे टिचक्यांचाच सराव जास्त केला.

मेळाव्यात पहिल्या दोन फेऱ्या स्वच्छ गेल्या. अंतिम फेरी जेवणानंतर होती. जेवणात वहिनींच्या हातचे तळलेले बांगडे. दोन खाल्ले, घाईत हात नुसते पाण्याने धुतले आणि पॅनला बसलो. चार मिनिटं पन्नास सेकंदात सहा कण बाटलीत. सातवा पाण्यावर तरंगताना मी स्वतः पाहिला! तेलकट बोट लागलं की सोन्याचा बारीक कण पाणी झटकतो आणि तवंगासारखा वर राहतो. एवढा जड धातू, पण दीड मिलिमीटरच्या चपट्या कणाला पाण्याचा पृष्ठताण पुरतो. त्यावर बोट दाबेपर्यंत तो काठावरून गेला. तीन मिनिटं दंड, चौथा नंबर. वहिनींनीच शिकवलं आणि वहिनींच्याच बांगड्याने घात केला. पॅन घासून झाला, हात राहिले. पुढच्या वर्षी भांड्यांच्या साबणाचा थेंब खिशात.

पहिली आली बंदरावरची नववीतली मुलगी, साडेपाच मिनिटांत सगळे कण. घरी मासे ती निवडते, त्यामुळे बोटांना नजर आहे, असं तिची आई म्हणाली. मला ते पटलं.

संध्याकाळी सगळ्यांनी मिळून वापरलेली वाळू पुन्हा धुतली. ६० पैकी ५७ मिळाले. मग अण्णांनी दोणीभोवतालचं अंगण खराट्याने झाडायला लावलं. सोनारांच्या दुकानातला केर धुऊन सोनं काढणाऱ्यांना आपल्याकडे झारेकरी म्हणतात, तसे आम्ही आठ-दहा जण कंदिलाच्या उजेडात झाडत होतो. पोफळीची पानं, खवले, वाळू, सगळं एका पोत्यात भरलं. पोतं अण्णांच्या पडवीत आहे, वर खडूने "३" लिहून. शिमग्याला गावी जाईन तेव्हा धुवायचंय.