भिंतीवरचा पूर्वरंग

लहानपणी आजोबांबरोबर मी मिरजेजवळच्या आमच्या गावी मारुतीच्या देवळात कीर्तनाला जात असे. नारदीय कीर्तनात आधी पूर्वरंग असतो आणि त्यात बुवा एखादा अभंग घेऊन त्यातील तत्त्व उलगडतात. मग नामजप होतो, बुवांना हार घालून बुक्का लावला जातो आणि त्यानंतर उत्तररंगात त्याच तत्त्वाचे आख्यान उभे राहते. पूर्वरंग चालू असताना आम्ही मुले पेंगत असू आणि आख्यान सुरू झाले की सावरून बसत असू. शेवटी बुवा मूळ अभंगावर परत येत, तेव्हा मघाशी डोक्यावरून गेलेली ओळ आपलीशी झालेली असे.

कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात मी गेली 14 वर्षे प्रशिक्षणाचे काम पाहतो. पंपांना लागणाऱ्या बिडाच्या कास्टिंगचे मशिनिंग आमच्याकडे होते. प्रवेशद्वाराजवळ सचोटी, गुणवत्ता, सुरक्षितता, परस्पर आदर आणि ग्राहकहित असे पाच शब्द लिहिलेला मोठा फलक आहे. आयटीआयमधून येणाऱ्या मुलांकडून मी हे शब्द अर्थासह पाठ करून घेत असे आणि ती ते करीतही असत; पण नग मापात बसत नाही आणि गाडी दारात उभी आहे, आता काय करशील, असे शॉपमध्ये विचारले की ती सुपरवायझरच्या तोंडाकडे पाहत. मी वर्षानुवर्षे त्यांना केवळ पूर्वरंग ऐकवत होतो, हे माझ्या ध्यानात यायला बराच काळ गेला.

आख्यान आमच्याच शॉपमध्ये घडले होते. तपासणी विभागातील एका ज्येष्ठ कामगाराला रात्रपाळीत शंका आली की, भोकाचे माप तपासायचा प्लग गेज झिजला आहे. गेजची ‘गो’ बाजू झिजून बारीक झाली, की लहान भोकातही ती सहज शिरते आणि नापास व्हायचा नग पास होतो. पुढे त्या भोकात बेअरिंग वाजवीपेक्षा घट्ट बसते आणि पंप चालू झाल्यावर तापते. त्यांनी गेज पडताळून घेतला, शंका खरी ठरली. तोवर 340 नग पास होऊन गाडीत चढले होते आणि त्यांच्या तपासणीपत्रकावर सही त्यांचीच होती. ते गप्प बसले असते, तर कोणाला कळण्याचा संभव फार थोडा होता. त्यांनी गाडी थांबवली आणि रजिस्टरमध्ये स्वतःच्या हाताने सगळे लिहून ठेवले.

नव्या मुलांसमोर ही हकीकत मी पहिल्यांदा सांगितली, तेव्हा ती अशी सांगितली: त्यांनी चूक दाखवली, व्यवस्थापनाने कौतुक केले, ग्राहकाचा विश्वास वाढला. मुलांनी टाळ्या वाजवल्या. सभा संपल्यावर ते माझ्याजवळ आले आणि शांतपणे म्हणाले, “साहेब, नाव माझं घेतलंसा, पण गोष्ट दुसऱ्याच कुणाची तरी सांगितलंसा.”

त्यांचे म्हणणे खरे होते. त्या सकाळी त्यांना आधी बोलणी खावी लागली होती. लहान भोक पुन्हा बोअर करून मापात आणता येते, त्यामुळे माल भंगारात गेला नाही. पण सगळा लॉट उतरवून पुन्हा मशीनवर चढवण्यात दोन दिवस गेले, डिस्पॅच चुकला आणि त्या पाळीचा महिन्याचा इन्सेंटिव्ह बुडाला. आठवडाभर चहाच्या वेळी त्यांच्या बाकावर कोणी बसले नाही. कौतुक झाले ते तीन महिन्यांनी, आणि तेही ग्राहकाकडून आलेल्या माणसाने रजिस्टर चाळताना ती नोंद पाहिली म्हणून. कारखान्याची शोभा राहावी म्हणून मी नेमका हाच भाग गाळला होता. ज्या बाकावर कोणी बसत नव्हते तो बाकच गोष्टीतून काढला, तर उरते ती जाहिरात, आणि कामगार जाहिरात लगेच ओळखतो.

पुढच्या तुकडीला त्यांनी स्वतः गोष्ट सांगितली. एका मुलाने विचारले, “काका, परत तशी वेळ आली तर परत सांगाल?” ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “सांगीन. पण त्या दिवशी घरी जेवण गेलं नव्हतं, एवढं ध्यानात ठेवा.” सचोटी या शब्दावर मी इतकी वर्षे जे बोललो, त्यातले काहीही त्या एका वाक्याच्या जवळ पोहोचत नाही, असे मला मनापासून वाटते.

आपल्या भागाला ही रीत नवी नाही. 1910 मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्कर औंध संस्थानातील निवडुंगाने भरलेल्या माळावर कारखाना उभारायला आले आणि गुन्हेगारीचा शिक्का बसलेल्या माणसांना त्यांनी रात्रीच्या पहाऱ्यावर नेमले. विश्वासाबद्दल त्यांनी दिलेली भाषणे आज कोणाला आठवत नसतील, हे पहारेकरी मात्र आठवतात. साताऱ्याकडे गेलात तर रयत शिक्षण संस्थेत शिकलेला कोणीही माणूस तुम्हाला लक्ष्मीबाईंचे मंगळसूत्र सांगेल. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये कराड तालुक्यातील काले येथे स्थापन केलेल्या या संस्थेचे ‘स्वावलंबी शिक्षण’ हे ब्रीद आहे. पण वसतिगृहातील मुलांच्या जेवणासाठी भाऊरावांच्या या पत्नीने अंगावरचे सौभाग्यलेणे मोडले, ही हकीकत ब्रीदाच्या आधी सांगितली जाते. (भाऊराव एके काळी किर्लोस्करांचे नांगर विकत फिरत असत, हे मला कळले तेव्हा विशेष आनंद झाला होता.) या दोन्ही गोष्टी टिकल्या, कारण कोणी काय पणाला लावले हे त्यांत स्पष्ट दिसते.

आता आमच्याकडे महिन्यातून एकदा, पाळी बदलताना, मशीनजवळ उभे राहूनच दहा मिनिटे गोष्ट होते. माईक नसतो, फोटो काढत नाहीत. ज्याच्यावर प्रसंग गुदरला त्यानेच सांगायचे आणि त्याची इच्छा नसेल तर दुसऱ्या कोणी ती सांगायची नाही, यावर मी ठाम आहे. फलकावरचा शब्द आधी उच्चारायचा नाही. ऐकणाऱ्यांनीच तो शेवटी शोधावा.

यशाच्याच गोष्टी सांगायच्या, असा वरिष्ठांचा काही काळ आग्रह होता. मग एके दिवशी प्रेसवरच्या एका कामगाराने आपला डावा हात वर करून दाखवला. दोन्ही हातांनी दोन बटणे दाबल्याशिवाय प्रेस खाली येऊ नये अशी योजना असते. नग जास्त निघावेत म्हणून त्याने एक बटण तारेने बांधून टाकले होते आणि त्यात दोन बोटांची पेरे गेली. तो थांबला, तेव्हा मागून त्याचा सुपरवायझर पुढे आला आणि म्हणाला, “तार मी पाहिली होती. महिनाअखेर होती, म्हणून मी काही बोललो नाही.” कोणी काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी आणखी दोन प्रेसवरच्या तारा कामगारांनी स्वतः सोडून आणून दिल्या. मात्र त्याच महिनाअखेरीला नग वाढवण्याचा तगादा पूर्वीसारखाच झाला असता, तर ती गोष्ट तिथेच मेली असती. म्हणून व्यवस्थापकांनी त्या महिन्याचे उद्दिष्ट खाली आणले, याला मी गोष्टीचाच भाग मानतो.

परवा कँटीनमध्ये एक शिकाऊ मुलगा आपल्याहून नव्या मुलाला गेजची हकीकत सांगत होता. झिजलेली ‘गो’ बाजू, थांबवलेली गाडी, रिकामा बाक, सगळे बरोबर होते. “पाचशे नग उतरवून घेतले काकांनी,” तो म्हणाला. पलीकडच्या टेबलावर ते काका जेवत होते. त्यांनी मान वर न करता म्हटले, “तीनशे चाळीस.” मुलगा थबकला, आणि मग आकडा दुरुस्त करून त्याने ती गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगायला घेतली.